उतावळ्यांचे घोडामैदान

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जे पाहुणे आले होते, ते मोठे वक्ते होते. भाषणाच्या ऐन रंगात त्यांनी हात उंचावून सांगितले, "शर्यतीचा घोडा तिसऱ्या वर्षीच ओळखू येतो. साऱ्या जगाची डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांचीच असते. तेव्हा पालकांनो, आपल्या मुलांकडे आत्ताच पाहा. पुढे पाहून उपयोग नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या आयांनी मांडीवरच्या कन्यापुत्रांकडे अशा नजरेने पाहिले की, जणू आता खुरांना नाल ठोकायचे तेवढे बाकी राहिले आहे. मी व्यासपीठाच्या कडेला शाल आणि नारळ घेऊन उभी होते. शाल-नारळ धरणाऱ्या बाईने भाषणाला उत्तर द्यायचे नसते, म्हणून मी गप्प राहिले.

मी बालवाडीची बाई आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. कादंबऱ्या लिहिते, त्या काही वाचकांना आवडतात आणि काही समीक्षकांना आवडत नाहीत. घोड्यांशी माझा संबंध वरातीपुरता. पण ते वाक्य कुसळासारखे मनात रुतून बसले; कारण तीन वर्षांची शिंगरे हाच माझा रोजचा प्रपंच आहे. सकाळी साडेआठला ती माझ्या दारात सोडली जातात. काही उधळलेली, काही अडलेली, काही आईच्या पदराला दातांनी धरून राहिलेली. तेव्हा म्हटले, पाहुण्यांनी ज्या डर्बीची साक्ष काढली तिचीच उलटतपासणी घेऊ. वर्षभर मिळेल तेथून मी त्या शर्यतीचा इतिहास वाचून काढला. आता मी ठामपणे सांगते की पाहुण्यांनी साक्षीदार चुकीचा बोलावला. डर्बीचा इतिहास त्यांच्या बाजूने बोलत नाही. तो माझ्या बाजूने बोलतो.

वाचकहो, फराळाचे ताट बाजूला ठेवण्याचे कारण नाही. चकली खात खात ऐकलेत तरी चालेल.

मुळात इंग्लंडातल्या घोड्यांच्या शर्यती तीन वर्षांच्या शिंगरांसाठी नव्हत्याच. सतराव्या शतकात दुसरा चार्ल्स राजा न्यूमार्केटच्या माळावर स्वतः घोड्यावर बसून शर्यतीत उतरत असे. त्या काळापासून पुढे अठराव्या शतकाच्या बऱ्याच भागापर्यंत खऱ्या मानाच्या शर्यती म्हणजे राजाने बक्षीस ठेवलेल्या शर्यती. त्यांत सहा वर्षांचे, पुरत्या वाढीचे घोडे उतरत. पाठीवर बारा स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन. आणि अंतर चार मैलांचे. तेही एकदा धावून सुटका नाही. एकाच दिवशी पुन्हा पुन्हा तेवढेच धावायचे आणि मग जो टिकेल तो खरा. आपल्याकडे भीमथडीच्या तट्टांची जी कीर्ती होती, तीही याच गुणाची. चणीने लहान, पण मजल मारण्यात हटणार नाही. घोड्याची पारख त्याच्या दमावर करावी, हे इंग्लंडच्या राजाला जसे कळत होते तसे आपल्या शिलेदारालाही कळत होते.

मग घोडे पेंड कोठे खाऊ लागले? पैशापाशी. सहा वर्षांचा होईपर्यंत घोडा पाळायचा म्हणजे सहा वर्षे त्याला दाणा-वैरण घालायची, मोतद्दाराचा पगार द्यायचा, आणि एवढे करून तो शर्यतीचा निघेल याची खात्री नाही. श्रीमंतांना फळ लवकर हवे झाले. शिवाय जाणत्या घोड्याचे गुणदोष साऱ्या गावाला माहीत असतात. त्याच्यावर पैज लावण्यात मौज उरत नाही. शिंगराचे तसे नसते. त्याचे काहीच ठाऊक नाही, म्हणून जुगाराला रंग अधिक! लांब अंतर आखूड झाले, जड वजन हलके झाले, आणि सहा वर्षांचे वय तीनवर आले. शिंगराच्या हाडांना विचारून यांतले काहीच झाले नाही. सारे ठरले ते मालकाच्या कमरेच्या कशाला विचारून.

१७७६ साली कर्नल अँथनी सेंट लेजर यांनी डॉन्कास्टरला तीन वर्षांच्या घोड्यांची दोन मैलांची शर्यत सुरू केली. १७७९ साली डर्बीचे बारावे अर्ल यांनी एप्सम येथे तीन वर्षांच्या घोड्यांच्या मुलींसाठी एक शर्यत ठेवली आणि तिला आपल्या जवळच्याच घराचे नाव दिले, ओक्स. पहिल्याच वर्षी ती जिंकली अर्लसाहेबांच्याच ब्रिजेटने. यजमानाच्याच घोडीने यजमानाची शर्यत जिंकली, की मेजवानीला काय तोटा! लगेच पुढच्या वर्षी आणखी एक शर्यत काढायचे ठरले. तिला नाव कोणाचे द्यावे, अर्लचे की त्यांचे मित्र सर चार्ल्स बनबरी यांचे, हे नाणे उडवून ठरवले अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, मोठी बोलकी आहे. नाणे उलटे पडते तर आज अमेरिकेत केंटकीची बनबरी आणि मुंबईत महालक्ष्मीची बनबरी धावली असती, आणि आमचे पाहुणे "साऱ्या जगाची बनबरी" म्हणून हात उंचावते! ज्याला आपण परंपरा म्हणून नमस्कार करतो, ती कित्येकदा चार मित्रांनी जेवण झाल्यावर ठरवलेली असते.

४ मे १७८० रोजी पहिली डर्बी झाली. अंतर एकच मैल. दीड मैल झाले ते १७८४ मध्ये. उतरण्याची वर्गणी ५० गिनी, न उतरल्यास निम्मी बुडाली. नावे नोंदली गेली ३६ शिंगरांची, आणि प्रत्यक्ष धावली नऊ. जिंकला तो बनबरींचा डायोमेड. इतिहासात डायोमेडचे नाव आहे. उरलेल्या आठांची नावे हौशी माणसाला शोधून सापडतात. पण जी सत्तावीस शिंगरे रेषेपर्यंत आलीच नाहीत, त्यांचे काय झाले हे विचारायचे कोणाच्या मनात येत नाही. मी शिक्षिका असल्यामुळे माझ्या मनात तेच पहिल्यांदा आले.

आता याच एप्समच्या माळावरची, डर्बीच्या अकरा वर्षे आधीची हकीकत ऐका. १ एप्रिल १७६४ रोजी सूर्यग्रहण असताना एक शिंगरू जन्मले, म्हणून त्याचे नाव ठेवले एक्लिप्स. स्वभावाने असे तापट की अंगाला हात लावू देत नसे. त्याला शर्यतीत उतरवले ते १७६९ च्या मे महिन्यात, वयाच्या पाचव्या वर्षी, याच एप्समला, चार-चार मैलांच्या फेऱ्यांत. तो जिंकला. पुढे दोन वर्षांत तो १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. आज जगातल्या शर्यतीच्या अस्सल घोड्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक घोडे बापाकडून थेट एक्लिप्सच्या वंशातले आहेत. १७८१, १७८३ आणि १७८४ च्या डर्बी त्याच्याच मुलांनी जिंकल्या.

पाहुणे महाराज, जरा हिशेब करा. ज्याच्या रक्तावर तुमच्या डर्बीचा सारा डोलारा उभा आहे, तो घोडा तिसऱ्या वर्षी कोठे होता? कुरणात होता. लोकांना लाथा मारीत होता. "हा ओळखू येत नाही" म्हणून तेव्हा त्याला टांग्याला जुंपले असते तर?

दुसरी हकीकत डायोमेडची. ती तर मला रात्री झोप लागू देत नाही. पहिली डर्बी जिंकल्यावर काही काळ त्याची चलती होती, मग तो हरू लागला. पुढे त्याला वंशासाठी ठेवला, तेथेही त्याचे नाव होईना. १७९८ साली, एकविसाव्या वर्षी, त्याला ५० गिनींना फुंकून टाकले. ज्या शर्यतीत नुसते उतरण्याची वर्गणी ५० गिनी होती, तिचा पहिला विजेता तेवढ्याच पैशांत गेला! जहाजात घालून त्याला अमेरिकेला, व्हर्जिनियात नेले. एकविसावे वर्ष म्हणजे घोड्याचे म्हातारपण. आणि त्या म्हातारपणी डायोमेडचे भाग्य फळफळले. त्याची पोरे तिकडची मैदाने मारू लागली. सर आर्ची हा त्याचा सर्वांत नामांकित पुत्र १८०५ साली जन्मला, तेव्हा बाप अठ्ठावीस वर्षांचा होता. १८०८ मध्ये डायोमेड गेला तेव्हा तो अमेरिकेतल्या शर्यतीच्या घोड्यांचा एक मूळपुरुष ठरलेला होता. म्हणजे तिसऱ्या वर्षी ज्याला डोक्यावर घेतले त्याला एकविसाव्या वर्षी भंगारात काढले. आणि दोन्ही वेळा पारखी चुकले.

वयाचा हा आग्रह एकदा धरला, की वयाची लबाडी मागोमाग येतेच. १८४४ ची डर्बी रनिंग रेन नावाच्या घोड्याने जिंकली. तीन वर्षांच्या मानाने घोडा जरा जास्तच भरलेला दिसत होता. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी माग काढला, आणि प्रकरण कोर्टात गेले. हा घोडा रनिंग रेन नव्हताच, तो होता मॅकाबियस, वय वर्षे चार! घोड्याचे सारे कायमचे दात यायला पाच वर्षे लागतात. दात पाहिले की वय कळते. न्यायाधीशांनी सांगितले, घोडा आणा, दात पाहू. घोडा आणता आला नाही. खटला तेथेच कोसळला आणि बक्षीस दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला मिळाले. त्याच शर्यतीत लिअँडर नावाच्या घोड्याचा पाय मोडला होता, म्हणून त्याला गोळी घालावी लागली. मेल्यावर त्याचा जबडा तपासला, तर तोही चार वर्षांचा! एकाच डर्बीत दोन थोराड चोर.

यात घोड्यांचा काय दोष? आपले वय किती लिहिले आहे हे कोणत्या घोड्याला ठाऊक असते? आणि वय सरळ लिहिले तरी ते खरे असतेच असे नाही. शर्यतीच्या घोड्यांचा जन्मदिवस कागदोपत्री एकच असतो, १ जानेवारी. न्यूमार्केटला १८३४ पासून हा नियम लागू झाला. त्याआधी १ मे धरीत. समजा, शिंगरू मे महिन्यात जन्मले तरी येत्या १ जानेवारीला ते एक वर्षाचे झाले असे समजायचे, आणि पुढे जानेवारीतल्या थोराड भावंडांबरोबर त्याला धावायला लावायचे. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि निसर्गतः तिचा काळ वसंताचा व उन्हाळ्याचा. पण मालकाला शिंगरू हवे जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणून थंडीच्या दिवसांत तबेल्यात रात्री उशिरापर्यंत दिवे जाळतात. दिवस मोठा झाला, वसंत आला, असे त्या बिचाऱ्या घोडीला वाटावे, एवढ्यासाठी. कागदावरची एक तारीख सांभाळायला सूर्यालाही खोटे पाडायचे! यालाच आपल्याकडे "दिवे लावणे" म्हणतात. दिवाळीतल्या दिव्यांशी त्याचा संबंध नाही.

हे वाचताना मला हसू आले आणि मग हसू थांबले. कारण माझी कागदावरची जन्मतारीख १ जून आहे. माझ्या वयाच्या कितीतरी वाचकांची तीच असेल. एका दिवशी एवढी मुले महाराष्ट्रात जन्मली कशी, असा प्रश्न परक्याला पडावा. माझा जन्म भाऊबीजेच्या रात्रीचा, हे आई आजही सांगते. थोरल्या बहिणीला शाळेत जायला सोबत हवी होती, मास्तर प्रेमळ होते, त्यांनी टाक उचलला आणि मला पाच महिन्यांनी मोठी केली. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. पण पहिलीत सगळ्यांत लहान मी, पाटीवर हात पोचायला उशीर माझा, आणि "ही जरा मंदच आहे" हा शिक्काही माझाच. तो शिक्का दहा वर्षे पुसला गेला नाही. मॅट्रिकला गणितात एकदा गटांगळी खाऊन मी दुसऱ्यांदा पैलतीराला लागले. पहिली कादंबरी लिहिली पस्तिसाव्या वर्षी. माझी आणि डायोमेडची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करीत नाही. पण ५० गिनींना विकले जाणे म्हणजे काय, हे मला थोडेफार ठाऊक आहे.

विल्यम फ्रिथ या चित्रकाराचे "डर्बी डे" हे चित्र १८५८ साली लंडनच्या रॉयल अकादमीत लागले, तेव्हा बघ्यांची एवढी झुंबड उडाली की चित्रापुढे कठडा घालावा लागला. त्या काळी डर्बीच्या दिवशी पार्लमेंटसुद्धा सुट्टी घेत असे. आश्चर्य असे की एवढ्या मोठ्या चित्रात घोडे आहेत ते दूर, मागे, अस्पष्ट. पुढे आहे ती माणसांची जत्रा. हातचलाखीचा खेळ मांडून बसलेले ठक, खिसे उलटे झालेला तरुण, घोडागाडीत बसलेल्या खिन्न बायका. आणि मधोमध एक डोंबाऱ्याचा पोर. पांढरे कपडे घातलेला तो मुलगा बापासमोर खेळ करायला आला आहे. बाप हात पसरून बोलावतो आहे. पण पोराची मान वळली आहे ती एक नोकर गवतावर मांडत असलेल्या मेजवानीकडे. पोर भुकेला आहे. फ्रिथसाहेबांनी टीका केली की नुसते जे दिसले ते रंगवले, मला ठाऊक नाही. पण शर्यत पाहायला जमलेल्या त्या हजारोंच्या गर्दीत पोराकडे कोणीही पाहत नाही, एवढे मात्र मला स्वच्छ दिसते.

आता आपल्या घराकडे येऊ. १९४५ साली न्यूमार्केटच्या बाजारात बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी वर्षाचे एक शिंगरू २८,००० गिनी मोजून घेतले. एवढा भाव तोवर तेथे अशा शिंगराला आला नव्हता. कारण त्याचा सख्खा भाऊ दान्ते त्याच साली डर्बी जिंकला होता. महाराजांनी शिंगराला आपल्या आजोबांचे नाव दिले, सयाजीराव. १९४७ च्या डर्बीत सयाजीराव तिसरा आला. भाऊ पहिला आणि हा तिसरा! अठ्ठावीस हजारांवर पाणी पडले, असे त्या संध्याकाळी कोणाला वाटले नसेल? पण त्याच वर्षी सप्टेंबरात, डॉन्कास्टरच्या पावणेदोन मैलांहून लांब सेंट लेजरमध्ये, सयाजीराव पहिला आला. जूनमध्ये जे शिंगरू कमी पडले, त्याला तीन महिने अधिक मिळाले, थोडे अंतर अधिक मिळाले, आणि ते पुरेसे झाले.

ज्यांचे नाव त्या शिंगराला दिले, त्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. नंबर कोणाचा येणार हे त्यांनी विचारले नाही. सगळ्यांनी येऊन बसायचे, एवढेच सांगितले. नातवाने घोडे घेतले, आजोबांनी शाळा काढल्या. दोन्ही राजांचेच शौक म्हणा हवे तर. यांतला कोणता शौक घराघरांत दिवा लावून गेला, हे मी सांगायला नको.

आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर काय चालते? तेथे १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या बडोद्याच्याच घोडीने. अंतर दीड मैलाचेच, म्हणजे २४०० मीटर. ही डर्बी साधारण फेब्रुवारीत होते, कारण मुंबईचा हंगाम थंडीचा, आणि तिच्यात धावतात ते चार वर्षांचे घोडे. होय, चार वर्षांचे! १ जानेवारीला वय बदलले आणि महिन्याभरात डर्बी आली. एप्समला ज्याचे वय उलटून गेले म्हणून बाहेर ठेवतील, तो महालक्ष्मीला विजेता ठरतो. आभाळ कोसळत नाही, शर्यत अडत नाही, बघ्यांना टोप्या उडवायला काही कमी पडत नाही. तेव्हा "जगाची डर्बी तीन वर्षांचीच" हे पाहुण्यांचे वाक्य त्यांच्या घरापासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावरच खोटे पडते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतील, या शर्यतीनेच घोड्याची जात सुधारली. इटलीचे थोर अश्वपालक फेडेरिको टेसिओ यांचे मतच असे होते, की शर्यतीचा अस्सल घोडा ना पंडितांनी घडवला ना प्राणिशास्त्रज्ञांनी. तो घडवला एप्समच्या शेवटच्या खांबाने. मी हे मत खोडून काढीत नाही. वंशासाठी थोडे घोडे निवडायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, हाच ज्याचा धंदा, त्याला खांब पाहिजेच. माझे म्हणणे एवढेच, की माझा धंदा तो नाही. माझ्या पटावर तीसएक मुले आहेत. त्यांतून वंशासाठी एक निवडून बाकीची परत करायला मला कोणी नेमलेले नाही. अश्वपालकाचा खांब बालवाडीच्या अंगणात आणून रोवला, की तो खांब राहत नाही. त्याचा सूळ होतो.

आणि त्या पारखींच्या धंद्यातही, जितके लवकर पाहावे तितके कमी दिसते, याला पुरावा आहे. कॅनडात २७ मे १९६१ रोजी, म्हणजे कागदाच्या हिशेबाने फारच उशिरा, एक ठेंगणे शिंगरू जन्मले. वर्षाचे झाल्यावर मालकाने त्याची किंमत सांगितली २५,००० डॉलर. एकाही गिऱ्हाइकाने घेतले नाही. ते नॉर्दर्न डान्सर. १९६४ साली त्याने केंटकी डर्बी जिंकली. त्याचा मुलगा निजिन्स्की याने १९७० मध्ये एप्समची डर्बी तर मारलीच, पण टू थाउजंड गिनीज आणि सेंट लेजर धरून इंग्लंडचा तिहेरी मुकुट मिळवला. त्यानंतर आजवर तो कोणाला मिळालेला नाही. ज्यांनी त्या ठेंगण्या शिंगराकडे पाठ फिरवली, ते काही आंधळे नव्हते. त्या धंद्यातले जाणकारच होते. त्यांच्याकडे फक्त थांबायला वेळ नव्हता.

मला डर्बी बंद करायची नाही. १७८० पासून एकही वर्ष न चुकता ती धावली आहे. दोन महायुद्धांत एप्सम सोडून न्यूमार्केटला धावली, २०२० च्या साथीत प्रेक्षकांवाचून धावली. अडीच मिनिटांचा तो देखावा मोठा देखणा असला पाहिजे. घोड्यांना धावू द्या. भांडण आहे ते घोड्याचे उदाहरण घेऊन मुलाच्या पाठीवर खोगीर घालणाऱ्यांशी.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. जूनमध्ये आला तो दिवाळीपर्यंत बोलला नाही. फळ्याकडे पाहत नसे, गाण्यात हात हलवीत नसे. पण रोज शाळा सुटली की तो सर्वांच्या आधी दारात जाई आणि चपलांच्या त्या ढिगातून एकेक जोड अचूक काढून ज्याचा त्याच्यापुढे ठेवी. तीस मुलांचे साठ पाय त्याला पाठ होते. नवी चप्पल आली तरी दुसऱ्या दिवशी चुकत नसे. मी त्याच्या वडिलांना हे कौतुकाने सांगितले. ते म्हणाले, "बाई, चपला ओळखून काय करायचेय? शेजाऱ्यांची मुलगी इंग्रजीतून शंभरपर्यंत आकडे म्हणते. हा मागे पडतोय." दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाही. शहरात कोठे तरी मुलाखत घेऊन प्रवेश देतात, तेथे त्याला घातले, असे कानावर आले. तो आता कोठे आहे मला ठाऊक नाही. त्या छत्तीसांतल्या सत्ताविसांची आठवण मला का होते, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

मागे पडतोय! तीन वर्षांचे मूल कोणाच्या मागे पडते? त्याच्या पुढे कोण धावते आहे? त्याला तर रेषाही दिसत नाही आणि खांबही दिसत नाही. ते दिसतात आपल्याला. कारण पैज आपण लावलेली असते. चाबूक मारणारा हात प्रेमाचा असला म्हणून वळ कमी उठत नाही.

आपल्याच मुलुखात एक दुसरी परंपरा आहे, आणि तिला डर्बीएवढे बँड लागलेले नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे, बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे, वारल्यांच्या मुलांना शिकवायला बसल्या. मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखायला जात. तेव्हा त्यांनी मुलांना ओढून आणले नाही. शाळाच उचलून कुरणात नेली. तिचे नावच कुरणशाळा. गुरे चरत आहेत, मुले त्यांच्यावर नजर ठेवून आहेत, आणि झाडाखाली शिकणे चालले आहे. एक्लिप्स पाच वर्षे कुरणात राहिला म्हणून एक्लिप्स झाला, असा माझा दावा नाही. घोड्यांतले मला तेवढे कळत नाही. पण कुरण म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे, हे कोसबाडच्या त्या बायकांना कळले होते, आणि त्यांच्याकडून मला कळले.

यंदा फराळाला तुमच्या घरी पाहुणे येतील. लाडू फोडता फोडता कोणी तरी पोराला जवळ ओढून विचारील, "काय रे, नंबर कितवा?" तेवढा प्रश्न यंदा बाहेर चपलांजवळ ठेवून या, एवढीच माझी हात जोडून विनंती. विचारायचेच असेल तर विचारा, कोणाकोणाच्या चपला ओळखता येतात?

या वर्षीही आमच्या संमेलनात शाल आणि नारळ धरण्याचे काम माझ्याकडेच आहे. पाहुणे कोण ते अजून ठरलेले नाही. घोडामैदान काही दूर नाही. शिंगरांचा दाखला पुन्हा निघालाच, तर यंदा मी गप्प राहणार नाही. आधी डायोमेडची गोष्ट सांगेन, आणि नंतर नारळ देईन.